दामाजीपंतांची पावती

दामाजीपंतांचे आख्यान आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आषाढात आमच्या देवळात एक तरी कीर्तन दामाजींवर व्हावयाचे. दुष्काळ, कोठार, बेड्या आणि विठू महार हा क्रम श्रोत्यांस इतका पाठ असे की, बुवा कोठे अडखळले तर मागच्या रांगेतील एखादी म्हातारी त्यांना सावरून घेई. या आख्यानात श्रोत्यांच्या डोळ्यांस पाणी येण्याची जागाही ठरलेली आहे. खांद्यावर घोंगडी आणि हाती काठी घेऊन पंढरीचा राणा बीदरच्या दरबारात उभा राहतो आणि मोहरांची थैली रिकामी करतो, तेथे सभामंडपात हुंदके ऐकू येतात.

आमच्या बाप्पांचे डोळे मात्र तेथे कोरडेच राहत. आमच्या घरच्या कोंकणीत काकांना बाप्पा म्हणतात. हे आमच्या वडिलांचे धाकटे बंधू. २००४ सालच्या आषाढात कीर्तनास आम्ही त्यांच्या शेजारीच बसलो होतो. बुवांनी मोहरा ओतल्या तरी बाप्पा स्वस्थ होते. पुढे बुवा सांगू लागले की, विठूने मोहरा मोजून दिल्या, मग बादशहाजवळ पावती मागितली, आणि ती पावती दामाजींच्या गीतेच्या पोथीत नेऊन ठेवली. हे ऐकताच बाप्पांनी उपरण्याचे टोक डोळ्यांस लावले. घरी परतताना आम्ही कारण विचारले. ते म्हणाले, "मोहरा एखादा सावकारही देईल रे. पावती मागून घ्यावी, हे देवालाच सुचले."

या बोलण्यामागे त्यांच्या आयुष्यातील नऊ वर्षे उभी होती. तीत आमचाही एक लहानसा, पण लाजिरवाणा भाग आहे. तो सांगावा म्हणूनच हा लेख.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि कारवारचा मुलूख व पूर्वीच्या हैदराबाद राज्यातील गुलबर्गा आणि बीदर हे जिल्हे एकाच म्हैसूर राज्यात आले. सरकारी नोकरांच्या बदल्या इकडून तिकडे होऊ लागल्या. आमच्या आजोबांची बदली गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस झाली आणि कुटुंब तेथेच रुजले. घरात कोंकणी, बाजारात कानडी आणि दखनी, पत्रव्यवहारात आणि कीर्तनात मराठी, असा आमचा संसार चालला. आपल्या समाजाची दहावीस घरे जमली, वर्गणी निघाली, आणि एक लहानसे देऊळही उभे राहिले. बाप्पांना सरकारी नोकरी लागली. १९९३ साली ते बीदर जिल्ह्यातील एका तालुक्यात धान्याच्या गोदामावर कारकून होते. शनिवारी रात्री घरी येत आणि रविवारी सकाळी देवळाच्या उत्सवाची वही लिहीत. या वहीत नारळाच्या शेंड्यांचेदेखील पैसे जमेस धरलेले असत, असे लोक थट्टेने म्हणत. ते खोटे नव्हते.

त्या वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हादरे आमच्या घरातील भांड्यांनाही जाणवले. मदतीची धावपळ सुरू झाली. वरिष्ठांच्या तोंडी हुकमावरून बाप्पांच्या गोदामातून तांदळाची ६२ पोती भूकंपग्रस्तांसाठी रवाना झाली. लेखी हुकूम मागाहून यावयाचा होता. तो आला, परंतु दुसऱ्याच एका कचेरीत जाऊन तेथील फायलीत बसला. पोत्यांबरोबर गेलेली दोन चलनेही त्याच फायलीत लागली. साठ्याच्या नोंदवहीत ६२ पोत्यांची तूट तेवढी उरली.

१९९४ सालच्या पावसाळ्यात एका निनावी अर्जावरून चौकशी सुरू झाली. एके दिवशी सकाळी तपासणारे लोक कलबुर्गीच्या आमच्या घरी आले. त्यांनी कपाटे उघडली, पितळेची भांडी मोजली, आजीच्या पाटल्यांचे वजन केले, आणि देवघरातील चांदीची निरांजनेही यादीत घातली. ते उद्धट नव्हते, हे सांगितले पाहिजे. आपले काम ते नेमस्तपणे करीत होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बाप्पांचे नाव हुद्द्यासह छापून आले आणि आठवड्याच्या आत निलंबनाचा हुकूम हाती पडला.

चौथ्या दिवशी देवळाच्या समितीची बैठक भरली. बाप्पांनी चोरी केली, असे एकानेही म्हटले नाही. "चौकशी संपेपर्यंत बरे दिसत नाही," एवढेच सगळे म्हणाले. किल्ल्या आणि वही घेऊन येण्याचे काम समितीने आमच्याकडे सोपविले. आम्ही त्यावेळी सव्वीस वर्षांचे होतो, आणि घरातल्या घरात गोष्ट मिटेल असा त्यात हेतू होता. बाप्पांनी एका शब्दानेही विचारपूस केली नाही. त्यांनी हात धुतले, पेटीच्या दोन किल्ल्या, उत्सवाची वही आणि शिल्लक रोकड ओटीवर मांडली. मग एका कोऱ्या कागदावर त्यांची यादी लिहिली, खाली "घेणाऱ्याची सही" असे लिहून रेघ ओढली, आणि कागद व पेन आमच्यापुढे केले. आम्ही म्हणालो, "बाप्पा, घरच्या माणसांत कसली पावती?" आणि सही न करता, सर्व वस्तू पिशवीत घालून निघून आलो.

तो कागद त्यांनी घडी करून ठेवला.

दोषारोपपत्र दाखल होण्यास तीन वर्षे लागली. खटला बीदरला होता. तारखेच्या दिवशी बाप्पा पहाटेची बस धरून हुमनाबादमार्गे बीदरला जात. बरोबर पोळीभाजीचा डबा आणि कागदांची पिशवी असे. पुष्कळदा साक्षीदार येत नसे, कधी वकील नसत, कधी न्यायासन रिकामे असे. पुढची तारीख मिळाली की परतीच्या बसपर्यंतचा वेळ ते महमूद गवानच्या मदरशाच्या पडक्या ओवरीत काढीत. निर्वाहभत्त्यावर घर चालले नाही, तेव्हा काकूंनी शिवणाचे यंत्र घेतले. मुलीचे लग्न दोनदा जमत आले आणि दोन्ही वेळा चौकशीची गोष्ट कानी पडल्यावर मोडले.

सातव्या वर्षी त्यांच्या वकिलांनी त्या दुसऱ्या कचेरीची फाईल न्यायालयात मागविली. लेखी हुकूम आणि दोन्ही चलने तीत जशीच्या तशी होती. तपासाच्या पहिल्याच महिन्यात कोणी ती फाईल मागितली असती तर दोषारोपपत्राचे कारणच उरले नसते. २००३ साली बाप्पा निर्दोष सुटले. त्यांचे नाव ज्या वर्तमानपत्राने छापले होते, त्याला ही बातमी छापण्याजोगी वाटली नाही. त्यांस नोकरीवर परत घेतले, थकलेला पगार आणखी दोन वर्षांनी मिळाला, आणि ज्यांच्या हाताखाली ते रुजू झाले ते त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होते. तपासणाऱ्यांकडून, "आमची चूक झाली" अशी एक ओळही आली नाही. ती कोणी लिहावयाची, कोणाच्या सहीने, हे कोणत्याच नियमात नव्हते.

घरातील काही मंडळी बाप्पांना दामाजी म्हणू लागली, तेव्हा ते रागावले. "दामाजींनी आपल्या जबाबदारीवर कोठार उघडले. मी हुकमाचा ताबेदार," असे ते म्हणाले. हा विवेक त्यांच्या ठायी शेवटपर्यंत होता. परंतु त्या मदरशाच्या ओवरीत बसून त्यांनी एक गोष्ट मनाशी जुळविली होती, आणि ती आम्हांस वारंवार सांगितली. ती अशी की, सरकारी धनाच्या हिशोबावरून माणसास आरोपी करण्याच्या तीन मोठ्या कथा याच मुलखात घडल्या आहेत, आणि तिन्हींचा शेवट निरनिराळा आहे.

पहिली कथा बाराव्या शतकातील, कल्याणची. आजचे बसवकल्याण ते. कलचुरी राजा बिज्जळ याच्या पदरी महात्मा बसवेश्वर भांडारी होते. जंगमांना अन्नदान करण्यासाठी ते राजाचा खजिना उधळतात, असे द्वेष करणाऱ्यांनी राजाच्या कानी घातले. पुराणकथा सांगते की, बसवेश्वरांनी खजिना उघडून दिला, सर्वांदेखत मोजणी झाली आणि रक्कम पूर्ण भरली. आरोप ज्या दरबारात झाला, त्याच दरबारात तो मिटला.

दुसरी कथा दामाजींची. मंगळवेढे हे बिज्जळाच्या घराण्याचे जुने राजधानीचे गाव. तेथेच पुढे बहमनी अमलात दामाजीपंत कोठाराचे अधिकारी झाले. १४६० च्या सुमाराच्या दुष्काळास जुन्या गॅझेटिअरांत दामाजीपंतांचाच दुष्काळ म्हटले आहे. महिपतीबुवांनी १७६२ साली 'भक्तविजय' पुरा केला, त्यात ही कथा विस्ताराने आहे. हाताखालच्याच माणसाने बीदरला चुगली केली आणि पंतांना बांधून नेण्याचा हुकूम सुटला. येथे मोजणीचा प्रश्न नव्हता. धान्य खरोखरच वाटले गेले होते. प्रश्न भरपाईचा होता, आणि ती देवाने केली. परंतु ती करताना सरकारी रीत मोडली नाही. रक्कम मोजून दिली, पावती घेतली, आणि ज्याची होती त्याच्या हाती पोहोचविली. बेड्या घालून निघालेल्या माणसाजवळ आपण निर्दोष असल्याचा लेखी पुरावा असला पाहिजे, हे भगवंतालाही महत्त्वाचे वाटले.

तिसरी कथा इतिहासातील आहे आणि तीच सर्वांत कठोर. गीलानहून आलेला ख्वाजा महमूद गवान बहमनी राज्याचा वजीर झाला. जमिनीची मोजणी, चारांऐवजी आठ सुभे, सुभेदाराच्या हाती एकच किल्ला, आणि पदरी ठेवलेल्या फौजेचा चोख हिशोब, अशा सुधारणा त्याने केल्या. हिशोब मागणारा वजीर सरदारांना नकोसा झाला. त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवून त्यांनी ओरिसाच्या राजास लिहिलेले फितुरीचे खोटे पत्र तयार केले. सुलतान तिसरा मुहम्मद याने ते पाहिले, चौकशी केली नाही, आणि ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडपल्लीच्या छावणीत वृद्ध वजिराचे शिर उडविण्यात आले. मोजणी झाली ती त्यानंतर! फिरिश्त्याने लिहिले आहे की, सुलतानाने खजिनदारास बोलावून वजिराची संपत्ती विचारली, तेव्हा तीत जमविलेले असे काहीच निघाले नाही. आले ते राज्याच्या कामी आणि गरिबांच्या कामी गेलेले. सुलतान पश्चात्तापाने खचला आणि पुढल्याच वर्षी वारला. बहमनी राज्याची पुढे पाच शकले झाली. १४७२ साली गवानने बांधलेला मदरसा बीदरात अजून उभा आहे. १६९६ साली आतील दारू पेटून त्याचा एक भाग उडाला.

"कल्याणात मोजणी आधी झाली, कोंडपल्लीस मागाहून," बाप्पा म्हणत. "माझ्या बाबतीत ती झाली, पण नऊ वर्षांनी, आणि पावती मिळालीच नाही."

आता आजच्या व्यवस्थेकडे पाहू. लाचलुचपतीची चौकशी होऊ नये, असे म्हणणारा माणूस एक तर भोळा असेल किंवा गुंतलेला. या मुलखातील शेतकऱ्याला जमिनीच्या उताऱ्यासारख्या साध्या कागदासाठी किती हेलपाटे घालावे लागतात, ते आम्ही पाहिले आहे. चौकशी हवीच, आणि ती करणारा सरकारच्या मुठीत नसलेला हवा. स्वीडनने १८०९ साली असा लोकांचा कैवारी नेमला. आपल्याकडे १९६६ साली प्रशासन सुधारणा आयोगाने लोकपाल आणि लोकायुक्त सुचविले, महाराष्ट्राने १९७१ साली कायदा केला, आणि कर्नाटकाचा लोकायुक्त कायदा १९८४ चा आहे. त्या कायद्यान्वये तक्रार शपथपत्रासह द्यावी लागते, आणि जाणूनबुजून खोटी तक्रार करणारास शिक्षा आहे. निनावी अर्जाच्या मानाने ही मोठीच सुधारणा होय. २०१३ च्या लोकपाल कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. खोटी तक्रार केल्याबद्दल शिक्षा झालेल्याने त्या अधिकाऱ्यास भरपाई आणि खटल्याचा खर्चही द्यावा, असे त्यात आहे. शुद्ध हेतूने केलेल्या तक्रारीस मात्र ते लागू नाही, आणि तेही योग्यच.

कर्नाटकाच्या अनुभवात दोन्ही बाजूंचे धडे आहेत. २०१६ साली सरकारने लोकायुक्तांच्या पोलिसांचे तपासाचे अधिकार काढून आपल्या हाताखाली लाचलुचपतविरोधी पथक स्थापन केले. ११ ऑगस्ट २०२२ रोजी उच्च न्यायालयाने ते पथक रद्द ठरवून अधिकार लोकायुक्तांकडे परत दिले. तपासणारा स्वतंत्र असावा, हा एक धडा. परंतु त्याआधी, २०१५ साली, लोकायुक्त कार्यालयाच्याच नावाने धाडीची भीती घालून अधिकाऱ्यांकडे पैसे मागितल्याचे आरोप झाले, आणि त्या डिसेंबरात लोकायुक्तांनी राजीनामा दिला. स्वतंत्र माणसावरही कोणाची तरी नजर असावी, हा दुसरा धडा. पहिला आपण शिकलो. दुसरा अजून शिकावयाचा आहे.

१९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. सरकारी निर्णयांबद्दलचा तपास सुरू करण्यापूर्वी वरिष्ठांची पूर्वपरवानगी घ्यावी, असे कलम तीत घातले. खटला दोन वर्षांत संपविण्याचा यत्न करावा, असेही सांगितले. दुसरी गोष्ट उत्तम आहे. पहिलीबद्दल आम्हांस शंका वाटते. पूर्वपरवानगीची ढाल धोरणे ठरविणाऱ्या मोठ्या अधिकाऱ्यांच्या कामी येते. गोदामाच्या कारकुनापर्यंत ती पोहोचत नाही. शिवाय ती चौकशीच्या दारातच आडवी उभी राहते. निर्दोष माणसाला चौकशी नको असते असे नाही. त्याला ती लवकर, पुरी आणि उत्तरदायी अशी हवी असते. बाप्पांना तपास टळावा असे कधी वाटले नाही. ती फाईल कोणी मागवावी, एवढेच त्यांचे मागणे होते.

आणि भरपाई? विनाकारण अटक करविणाऱ्याकडून न्यायाधीश जास्तीत जास्त एक हजार रुपये देववू शकतो, असे जुन्या फौजदारी संहितेत होते. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली, तीतही आकडा तोच राहिला. १९७९ साली भारताने नागरी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारास मान्यता दिली, तेव्हा बेकायदा अटकेच्या भरपाईच्या कलमापुरता आपला अपवाद नोंदवून ठेवला. न्यायालयांनी मात्र वाट काढली आहे. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांस हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून १९९४ साली, म्हणजे आमच्या घरी तपासणी झाली त्याच वर्षी, अटक झाली. १४ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांस पन्नास लाख रुपये देवविले. त्यांनी चोवीस वर्षे लढा दिला. रायपूर येथील परिवहन महामंडळाच्या एका कारकुनावर १९८६ साली शंभर रुपयांच्या लाचेचा आरोप आला, २००४ साली त्यास शिक्षा झाली, आणि २०२५ साली उच्च न्यायालयाने त्यास निर्दोष ठरविले. एकोणचाळीस वर्षे! अशा माणसास कोणती रक्कम पुरेल? विधि आयोगाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये आपल्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी विशेष न्यायालये आणि स्वतंत्र कायदा सुचविला. तो कायदा अजून झालेला नाही.

बाहेरच्या जगात याचा विचार झाला आहे. हाँगकाँगने १९७४ साली लाचलुचपतीविरुद्ध स्वतंत्र आयोग नेमला, आणि तीनच वर्षांनी त्या आयोगाविरुद्धच्या तक्रारी पाहण्यासाठी वेगळी समिती स्थापन केली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १९८८ साली असाच आयोग नेमला. त्या आयोगाचे काम तपासणारा स्वतंत्र निरीक्षक तेथे २००५ पासून आहे. आयोगाने अधिकार कसे वापरले, विलंब का लावला, हे तो विचारू शकतो. यामुळे तेथील आयोग दुबळे झाले, असे म्हणता येत नाही. देवळाच्या हिशोबनिसाचा हिशोब तपासनिसाने तपासला म्हणून हिशोबनिसाचा अपमान होत नाही. चोख हिशोबनिसास त्याचा आनंदच वाटतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. तपास करणाऱ्यानेही आपली वही ठेवावी: कोणती फाईल कधी मागितली, कोणती मागितली नाही, आणि का. ती वही सरकार आणि तपासयंत्रणा या दोहोंबाहेरच्या एखाद्या निवृत्त न्यायाधीशापुढे ठराविक मुदतीने जावी. आणि माणूस निर्दोष ठरला की त्यास मागावे न लागता तीन गोष्टी मिळाव्यात: अडकलेला पगार व बढती, झालेल्या खर्चाची भरपाई, आणि यंत्रणेच्या सहीचा एक कागद, की अमुक माणसावर आम्ही आरोप केला होता आणि तो टिकला नाही. हा कागद आरोपाइतक्याच ठळकपणे प्रसिद्ध व्हावा. पैशाने घर सावरते. मुलीच्या सासरी दाखविण्यास मात्र कागदच लागतो.

परंतु वाचकहो, सरकारने काय करावे हे सांगून आमची सुटका होत नाही. आमच्या बाप्पांच्या किल्ल्या सरकारने काढून घेतल्या नव्हत्या. त्या आम्ही काढून घेतल्या. आपले समाज लहान असतात. पंगतीत कोण कोणाशेजारी बसले नाही, हे दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरी ठाऊक असते. न्यायालय निकाल देण्यास नऊ वर्षे घेते. आपण चार दिवसांत देतो, आणि आपल्या निकालावर अपील नाही. चौकशी चालू असता देवाच्या पेटीवर दुसऱ्या माणसास बसविणे गैर होते, असे आम्ही म्हणत नाही. कदाचित ते शहाणपणाचेही असेल. परंतु ते करताना "तुमच्या हातून सर्व हिशोब चोख मिळाला" एवढे लिहून देण्यास कोणता कायदा आड येत होता?

२००३ साली बाप्पा सुटले, तेव्हा समितीने त्यांस घरी जाऊन वही पुन्हा हाती घेण्याची विनंती केली. आम्हीही बरोबर होतो. बाप्पा हसले आणि कोंकणीत म्हणाले, "चावयो हांवें दिल्यो, पूण पावती कोणेंच दिवंक ना." किल्ल्या मी दिल्या, पण पावती कोणीच दिली नाही. मंडळींस ती थट्टा वाटली आणि सर्व हसले. आम्हीही हसलो. बाप्पांनी वही घेतली नाही. पुढे दहा वर्षे ते नेमाने देवळात येत, प्रसाद घेत, आणि हिशोबाची गोष्ट निघाली की उठून जात. २०१३ साली ते वारले.

गेल्या वर्षी घराची डागडुजी निघाली, तेव्हा त्यांची पत्र्याची पेटी उघडली. तीत निकालाची प्रत, बसच्या तिकिटांचा सुतळीने बांधलेला जुडगा आणि एक चार घड्यांचा कागद होता. दोन किल्ल्या, एक वही, रोख रुपये एक हजार एकशे बेचाळीस. खाली रेघ, आणि रेघेवर काही नाही.

तो कागद आम्ही देवळाच्या वार्षिक सभेपुढे ठेवला. जुन्या मंडळींपैकी तिघेच उरले होते. १९९४ ची वही कपाटातून काढली. बाप्पांच्या अक्षरातील शेवटची शिल्लक आणि कागदावरील रक्कम पैशापर्यंत जुळली. मग आम्ही सभेस सांगितले की या वस्तू घेणारे आम्हीच, आणि त्या रेघेवर सही करून खाली त्या दिवसाची तारीख घातली. अध्यक्षांनी इतिवृत्तात नोंद करविली: "समाजाच्या सेवेतील हिशोब पूर्ण व चोख मिळाला. पावती देण्यास एकतीस वर्षे विलंब झाला; त्याबद्दल सभा दिलगीर आहे." ही नोंद वाचून दाखविली तेव्हा बाप्पांची मुलगी सभेत होती. तिने इतिवृत्ताची एक प्रत मागितली. ती तिथल्या तिथे लिहून, सही-शिक्क्यानिशी तिला देण्यात आली.